पाच वर्षांची लेक म्हणते, "पुस्तकातली मुलगी खोटं बोलते"

पत्र: ताई, माझी मुलगी सव्वापाच वर्षांची आहे. गेले काही महिने काहीही कर म्हटलं की करून बघायच्या आधीच "मला नाही येत" म्हणते. चित्र काढायला बसते, मधेच थांबते आणि कागद चुरगाळून टाकते. माझ्या जावेचा मुलगा तिच्याच वयाचा, तो सगळं पटापट करतो आणि घरात ते तिच्यासमोर बोललंही जातं. तिचा कॉन्फिडन्स वाढावा म्हणून मी चित्रांची बरीच पुस्तकं आणली, "मी शूर आहे, मी हुशार आहे, मी सुंदर आहे" अशी. रोज झोपताना वाचते, संपलं की काय शिकलीस विचारते. परवा तिने मधेच पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "आई, ही मुलगी खोटं बोलते." मला काय बोलावं सुचेना. पुस्तकं चुकीची आहेत की माझं काही चुकतंय? आणि तिचे बाबा म्हणतात मला आवाज काढून वाचता येत नाही, तूच वाच. त्यांना यात कसं आणायचं?
– दमलेली आई

उत्तर:

दमलेल्या आई,

आधी एक करा, लेकीची समजूत घालायला जाऊ नका, कारण ती बोलली ते बरोबर आहे. पानापानावर एक मुलगी कमरेवर हात ठेवून उभी आहे आणि मी शूर आहे म्हणतेय, पण बाईसाहेबांनी शूरपणाचं केलंय काय? काहीच नाही. कुठे घाबरली नाही, पडली नाही, कुणाशी भांडली नाही. तुमच्या लेकीने चित्र बघितलं, वाक्य ऐकलं, दोन्हीचा मेळ बसेना म्हणून निकाल देऊन टाकला. आता पाच वर्षांच्या पोरीने एका छापील पुस्तकाबद्दल आईच्या मताविरुद्ध स्वतःचं मत ठणकावून सांगायचं यालाच आपण कॉन्फिडन्स म्हणतो ना? तो तुमच्या घरात आहे, फक्त तुम्ही जिथे शोधत होतात तिथे तो सापडला नाही एवढंच.

असल्या घोषणांच्या पुस्तकांवर माझा जुना राग आहे, म्हणून जरा थांबून सांगते. जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास छापला होता, कॉलेजातल्या मुलामुलींवरचा. "मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे" असं वाक्य स्वतःशीच घोकायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना थोडं अजून बरं वाटलं, पण ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा वाटत होता ना, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप असतो, त्यांना घोकल्यावर उलट जास्तच वाईट वाटलं. कारण आतून लगेच उत्तर येतं, छे, मी कुठे तशी आहे. आता हा अभ्यास मोठ्यांचा आहे, तो पाच वर्षांच्या मुलीला जसाच्या तसा चिकटवायला नको, पण तुमच्या लेकीच्या "खोटं बोलते" मध्ये मला तेच उत्तर ऐकू येतं. मोठी माणसं ते मनातल्या मनात देतात, तिने तोंडावर दिलं.

शिवाय या वयात मुलं "मी एकूण किती चांगली" असा हिशोब करतच नाहीत. सुझन हार्टर या मानसशास्त्रज्ञांनी मुलं स्वतःकडे कसं बघतात यावर कितीतरी वर्षं काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की स्वतःच्या एकूण किमतीचा विचार साधारण आठव्या वर्षाच्या आसपास जमायला लागतो, त्याआधी सगळं सुटं सुटं असतं: मी जोरात पळते, मला झिप लावता येते, मला पझल जमत नाही, माझ्याशी अमकी खेळते. त्यांनी आणि रॉबिन पाइक यांनी १९८४ मध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी जी चाचणी आणली ती चक्क चित्रांची आहे, एका चित्रात मूल पझल जमवतंय, दुसऱ्यात त्याला जमत नाहीये, आणि विचारायचं, यातलं तुझ्यासारखं कोण? शब्दांत विचारून हाती काही लागत नाही, चित्र दाखवलं की मूल बरोबर बोट ठेवतं. म्हणून मला तुमचा चित्रांच्या पुस्तकांचा विचार अगदी पटतो, मार्ग योग्यच आहे. फक्त "मी हुशार आहे" हे वाक्य तिला धरताच येत नाही, आणि "या मुलीला बटण लावता येत नव्हतं, तिने तीन वेळा चुकीच्या काजात घातलं, मग लागलं" हे लगेच धरता येतं.

आता मुद्द्याचं. पुस्तकात कॉन्फिडन्स भरलेला असतो आणि आपण वाचला की तो मुलात उतरतो असं काही नसतं. त्या दहा-पंधरा मिनिटांत आई आणि लेक यांच्यात जाणकार कोण असतं, त्यावर सगळं ठरतं. आत्ता तुमच्याकडे जाणकार तुम्ही आहात. तुम्हाला अक्षरं येतात, तुम्हाला तात्पर्य माहीत आहे, शेवटी परीक्षाही तुम्हीच घेता. म्हणजे दिवसभर मला येत नाही म्हणणाऱ्या पोरीला रात्री झोपतानाही अजून एक गोष्ट मिळते जी आईला येते आणि तिला येत नाही.

पण चित्रांच्या पुस्तकाची गंमत अशी की त्यात निम्मं पुस्तक तिला तुमच्यापेक्षा जास्त चांगलं वाचता येतं. मेरी अॅन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन यांनी २००५ मध्ये, मोठं माणूस वाचून दाखवत असताना लहान मुलांची नजर कुठे जाते हे मशीनने टिपलं होतं, तर नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर, अक्षरांकडे मुलं फारशी बघतच नाहीत. आपलं मात्र उलट, आपले डोळे ओळींवर, चित्र ओझरतं दिसलं तर दिसलं. म्हणजे एकाच पानावर दोघी बसलेल्या असतात आणि वाचत असतात वेगवेगळं. कोपऱ्यातली मुंगी, मागच्या पानावर नसलेली टोपी, तिसऱ्या मुलाची सुटलेली लेस हे तिला दिसतं, तुम्हाला नाही. हेच तिचं भांडवल, आणि तुम्ही ते रोज "शू, ऐक आता" म्हणून बाजूला ठेवत असाल. (म्हणत असालच असं नाही हो, पण बहुतेक घरांत म्हणतात.)

ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना महिनाभर एवढंच करायला सांगितलं होतं की वाचताना मुलाला बोलतं करा, ते बोललं की त्याच्याच वाक्यात थोडी भर घालून परत बोला, आणि हळूहळू सांगण्याचं काम त्याच्याकडे सरकवा, तुम्ही ऐकणारे व्हा. दुसऱ्या घरांत नेहमीसारखं वाचत होते. महिन्याअखेर पहिल्या घरांतली मुलं बोलण्यात स्पष्ट पुढे गेलेली होती. अभ्यास भाषेचा होता, आत्मसन्मानाचा नाही, तेवढं लक्षात ठेवा. पण ज्या मुलाचं बोलणं रोज कुणीतरी मोठं माणूस थांबून, लक्ष देऊन ऐकतं आणि त्यात भर घालतं, त्याला आपल्या बोलण्याला किंमत आहे असं वाटणार नाही तर काय वाटणार.

तुमचा शेवटचा प्रश्न, "काय शिकलीस?", तो आजपासून बंद. खरंच बंद. मला कळतंय तुम्ही किती मनापासून विचारता, पण एखादा सिनेमा बघून तुम्ही बाहेर पडताय आणि कुणी दारातच पकडून विचारलं काय शिकलात, तर पुढच्या वेळी त्या माणसाबरोबर जाल का? आणि ज्या मुलीला चुकायची भीती आहे तिला तर तो सरळ तोंडी परीक्षेचा प्रश्न आहे, उत्तर तुमच्याकडे तयार आहे आणि तिला ते ओळखायचंय. "हा रंग कोणता, ही किती फुलं, मोज बरं" हेही त्याच जातीचं. त्याऐवजी प्रश्नच कमी करा. "अरेच्चा, हिचा चेहरा असा काय झालाय" असं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं फार अवघड असतं बरं का. मेरी बड रो या बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतात आणि स्वतःच बोलायला लागतात, तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही वाटतं, पण करून बघा, जीभ नुसती वळवळते.

समजा असं एक पान आहे. घसरगुंडीच्या वर एक मुलगी बसलीये, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून, मागे शिडीवर चार मुलं रांगेत. ओळ एकच, "आज तिची पाळी होती." तुम्ही वाचलीत आणि थांबलात. तुमच्या मनात धैर्य, हिंमत वगैरे चाललंय, आणि लेक म्हणते,

"याची लेस सुटलीये. हा पडणार."

"अगं हो की! मला दिसलीच नव्हती."

"तिला पण दिसली नाहीये. ती मागे बघतच नाहीये."

"हं. का बरं बघत नसेल?"

"तिला शू आलीये."

इथे नव्वद टक्के आया म्हणतील, नाही गं, तिला भीती वाटतेय. म्हणू नका. शू तर शू. "बापरे, आणि आता वर अडकली, मग?" एवढंच विचारा.

"मग ती सांगणार मला खाली जायचंय. मग सगळे मागे मागे उतरणार. आधी लेसवाला."

बघा काय झालं ते. तिने त्या मुलीच्या अडचणीला स्वतःचं कारण दिलं, कुणाला न दुखावता तिला खाली आणलं, वर लेसवाल्याची काळजी घेतली आणि उतरायचा क्रमही लावला. पुस्तकात पुढच्या पानावर ती मुलगी डोळे मिटून घसरेल आणि सगळे टाळ्या वाजवतील, ते वाचालच तुम्ही. पण तिच्या लेखी आता खाली उतरणं हाही एक मार्ग आहे, मला नको म्हणून सांगणं हाही एक मार्ग आहे. "बघ, ती घसरली की नाही, घाबरली का, तू पण अशीच शूर व्हायचं हं" हे वाक्य ओठांवर येईल तेव्हा गिळा. त्या एका वाक्याने घसरगुंडीवरची मुलगी जावेच्या मुलासारखी होते, अजून एक जण ज्याला येतं आणि मला येत नाही.

तिच्या आयुष्याशी गोष्ट जोडायचीच नाही का, तर जोडा, पण दर पानाला नको आणि सुरुवात तिला करू द्या. कधीतरी आपणहून म्हणेल, मला पण झोक्यावर असं झालेलं. झालं, तेव्हा पुस्तक मांडीवर तसंच उघडं राहू दे आणि झोक्याचं ऐका. गोष्ट पूर्ण झाली नाही तरी काही बिघडत नाही.

आता पुस्तकं निवडायची कशी, कारण घोषणांची पुस्तकं कपाटात वर ठेवलीत तर खाली काहीतरी लागेल. मी पुस्तक हातात घेतलं की आधी बघते की अडचण सोडवतं कोण. खूप पुस्तकांत मूल अडकतं आणि शेवटून दुसऱ्या पानावर आई, आजोबा, टीचर किंवा परी येऊन सोडवते, आणि मूल थँक्यू म्हणतं. प्रेमळ असतात ती पुस्तकं, झोपताना छानच, पण आपल्याला हवं ते त्यात नाही. मोठी माणसं आसपास असू देत, करणारं मूल असू दे. दुसरं, जमत नसण्याला किती पानं दिलीत. एका पानावर पडला आणि पुढच्या पानावर पहिला आला, असं असेल तर तुमची लेक पुन्हा खोटं बोलतो म्हणेल. चिडचिड, फेकाफेकी, उद्या करते म्हणून निघून जाणं, हे सगळं दिसायला हवं.

आणि एक जरा नाजूक गोष्ट आहे, ती पटकन लक्षात येत नाही. एक वेगळा प्राणी असतो, त्याला सगळे चिडवतात, मग संकट येतं, त्याच्या त्या वेगळेपणाचाच उपयोग होतो, तो सगळ्यांना वाचवतो आणि मग सगळे त्याच्याशी खेळायला लागतात. या साच्याच्या गोष्टी ढिगाने आहेत आणि सेल्फ-एस्टीमच्या यादीत त्या हमखास असतात. पण नीट बघा, चिडवणाऱ्यांनी सॉरी म्हटलं का? आणि संकट आलंच नसतं तर? लांब मानेचा उपयोग झाला म्हणून मान चालली. जे मूल मला काही येत नाही म्हणून झुरतंय त्याला ही गोष्ट सांगते की आधी काहीतरी करून दाखव, मग तुला घेऊ. ती पुस्तकं फेका असं म्हणत नाही मी, उलट ती वाचताना "हे बाकीचे आधी का नव्हते खेळत याच्याशी?" असं म्हणून थांबा. तुमची परीक्षक लेक त्यांची बरोबर खबर घेईल.

चित्रांत कोण आहे तेही बघायचं. रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये लिहिलं होतं की पुस्तकं मुलांसाठी कधी खिडकी असतात आणि कधी आरसा, आणि ज्या मुलांना पुस्तकांत स्वतःसारखं कुणी दिसतच नाही किंवा दिसलं तर चेष्टेचा विषय म्हणून दिसतं, त्यांना आपली जागा काय हे बरोबर कळतं. तेव्हा तुमच्या मुलीच्या रंगाची, तिच्यासारख्या केसांची, चष्मा असेल तर चष्म्याची मुलगी पुस्तकात आहे का, आणि असली तर चित्राच्या मध्ये आहे की मागे कडेला उभी आहे, बघा. ती चष्म्याबद्दलची गोष्टच असायला हवी असं नाही, किंबहुना नकोच, चष्मा लावून किल्ला बांधणारी मुलगी जास्त कामाची.

माणसं की प्राणी हा वाद पालकांमध्ये नेहमी असतो. टोरोंटोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट काहींना माणसांची चित्रं घालून आणि काहींना प्राण्यांची चित्रं घालून वाचून दाखवली, तर माणसांची वाचलेल्या मुलांनी नंतर जास्त स्टिकर दुसऱ्यांना दिले, प्राण्यांच्या गोष्टीने तसा फरक पडला नाही. पण तो शिकवणुकीचा मामला झाला. जे मूल स्वतःबद्दल बोलायला बिचकतं त्याला मला तरी प्राणी बरे वाटतात, अस्वलाला लाज वाटली हे बोलणं सोपं असतं. दोन्ही ठेवा, तिला निवडू द्या.

निवडू द्या वरून आठवलं, ती एकच पुस्तक महिनाभर मागेल. वाचा. तुम्हाला कंटाळा येईल, तिला येणार नाही. ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांमध्ये पाहिलं की वेगवेगळ्या गोष्टींत आलेल्या नव्या शब्दांपेक्षा त्याच त्या गोष्टीत परत परत आलेले शब्द मुलांच्या जास्त लक्षात राहिले. पण शब्द सोडा, पुढच्या पानावर काय आहे हे पान उलटायच्या आधी माहीत असणं यात जी ऐट आहे ना, ती तुमच्या लेकीला सध्या दुसरीकडे कुठे मिळत नाहीये. पाठ झालं की पुस्तक तिच्या हातात द्या आणि तुम्ही ऐका. ओळी चुकतील, नवीनच काहीतरी घुसवेल, सुधारू नका. शब्दच नसलेली, नुसत्या चित्रांची पुस्तकं मिळाली तर अजून उत्तम, तिथे वाचता न येणं हा प्रकारच उरत नाही, तुम्ही दोघी एका पायरीवर.

कौतुकाचं काय करायचं? जपून. एडी ब्रुमलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की मूल स्वतःला कमी समजतंय असं कळलं की मोठी माणसं कौतुक जास्तच फुगवतात, सुंदर नाही तर कमालीचं सुंदर म्हणतात, आणि नेमक्या त्याच मुलांना असं फुगवलेलं कौतुक मिळालं की ती नंतर अवघड चित्र टाळून सोपी निवडतात. ही मुलं तुमच्या लेकीपेक्षा मोठी होती, शाळकरी, पण कारण कुणालाही पटेल: एकदा कमालीचं झालं की पुढच्या वेळी साधं कसं काढायचं? म्हणून ती पुस्तकाबद्दल काही बोलली की वा वा किती हुशार नको. ती जे म्हणाली तेच परत म्हणा, "लेस सुटलीये म्हणून पडणार असं वाटतंय तुला." दुसऱ्या दिवशी जेवताना बाबांना सांगा, तिच्या देखत, "काल हिने मला एक लेस दाखवली, मी एवढ्या वेळा वाचूनही बघितली नव्हती." याच्यापुढे अप्रतिम, सुपर, ग्रेट सगळे शब्द फिके आहेत.

चित्र चुरगाळते त्या वेळी मात्र पुस्तक काढू नका. प्रसंग घडला की लगेच त्या विषयाचं पुस्तक घेऊन बसायचं ही हौस असते आपल्याला, आणि मुलांना ते लगेच कळतं, म्हणजे आता लेक्चर आहे. तेव्हा फक्त "तुला हवं तसं नाही आलं ना" एवढं म्हणून शेजारी बसा. चुरगाळलेला कागद हळूच उचलून ठेवा, लागणार आहे.

लागणार यासाठी की एक पुस्तक तुम्ही दोघींनी घरी करायचंय. चार-पाच कोरे कागद मधोमध दुमडायचे, मधे दोन टाके घालायचे, झालं. विषय तिला आत्ता येतं पण आधी येत नव्हतं असं काहीतरी एकच, छोटंसं, बुटाचा बेल्ट लावणं, जगमधून पाणी ओतणं. फोनमध्ये जुने फोटो असतीलच, नसले तर ती काढेल किंवा चुरगाळलेल्या कागदातलं एखादं चित्र सपाट करून चिकटवा. ओळी तिच्या, तुम्ही फक्त लिहून घेणार, आणि ती म्हणेल तेच अक्षर न अक्षर लिहायचं, "मी पाणी ओतलं ते सगळं सांडलं आई ओरडली" असं म्हणाली तर तेच. आई ओरडली खोडायचं नाही. तेच पान त्या पुस्तकाचा जीव आहे, सांडलेलं पान असल्याशिवाय शेवटचं पान खरं वाटणार नाही तिला, आणि हे पुस्तक खोटं बोलतं असं ती म्हणूच शकत नाही कारण लिहिलंय तिनेच. कव्हरवर लेखिकेचं नाव मोठ्या अक्षरात.

आता जे बोलायला मला आवडत नाही पण बोलते. तुम्ही लिहिलंय की जावेच्या मुलाची तुलना घरात तिच्यासमोर होते. पाच-सहा वर्षांच्या आसपास मुलं आपणहूनच इतरांकडे बघून स्वतःला मोजायला लागतात, त्यात घरच्यांनी फूटपट्टी आणून दिली तर कुठलंही पुस्तक त्याला पुरं पडणार नाही. जो कोणी बोलतो त्याच्याशी एकदा, मुलं नसताना, भांडण न करता बोला: दोघांपैकी कुणाचंच कौतुक दुसऱ्याच्या नावाने नको. तिला नाही आणि त्यालाही नाही, त्या पोरावर तरी सारखं पहिलं असण्याचं प्रेशर का. आणि तुमचं स्वतःचं बोलणंही जरा ऐका, "मला बाई ड्रॉइंग अजिबात येत नाही" हे आपण हसत हसत किती सहज म्हणून जातो. पोरीने हे वाक्य कुठून उचललं असेल सांगता येत नाही.

आणि हो, महिना-दोन महिने असं वाचूनही ती प्रत्येक गोष्टीतून अंग काढून घेत राहिली, खेळायला जाणं सोडलं, झोप किंवा खाणं बदललं, "मी वाईटच आहे" असं सारखं म्हणायला लागली तर थांबू नका, मुलांच्या डॉक्टरांशी आणि गरज वाटली तर बालमानसतज्ज्ञांशी बोला. स्वतःला इजा करण्याचं बोलली तर एक दिवसही वाट बघायची नाही. त्याआधी एक साधी गोष्ट, डोळे आणि कान तपासून घ्या, शाळेतल्या टीचरना पेन्सिल धरण्याबद्दल विचारा. कधी कधी मूल मला येत नाही म्हणतं तेव्हा त्याला खरंच नीट दिसत नसतं, आणि आपण इकडे शौर्याची पुस्तकं शोधत बसतो.

राहिले बाबा. आवाज काढता येत नाहीत म्हणतात ना, फारच छान, त्यांना वाईट वाचायला सांगा. पाठ झालेलं पुस्तक घ्यायचं आणि सपाट आवाजात चुकीचं वाचायचं, मांजराच्या जागी हत्ती, घसरगुंडीच्या जागी लिफ्ट, पुस्तक उलटं धरलं तरी चालेल. ती खवळून उठेल, "बाबा, हत्ती नाहीये!" त्यांनी चष्मा वर-खाली करून म्हणायचं, "इथे तर हत्तीच लिहिलंय, तू दाखव बरं." मग ती बोट ठेवून दाखवेल, पान न पान शिकवेल, आणि बाबांनी अधूनमधून खरोखर सुधारायचं, नाहीतर शिकवणारीला कंटाळा येतो. आठवड्यातून दोन रात्री त्यांच्या नावावर लिहा, आणि त्या दोन रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत पाय पसरून पडा, मधे येऊन हे असं वाचायचं नसतं वगैरे अजिबात सांगू नका.